पॉलिहाऊस टोमॅटो: वरचे घोस रिकामे जातात आणि प्लॉट मार्चमध्येच संपतो, काय बघायचं आणि काय करायचं

खालचे चार-पाच घोस एकदम भरलेले, फळ एकसारखं, तोडा चालू झाला म्हणून घरातले सगळे खूश, आणि मान वर करून बघावं तर फुलंच फुलं पण फळाचा पत्ता नाही. फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडतं आणि हात लागला की गळतं, नाहीतर फळ धरतं पण वाटाण्याएवढं होऊन तिथंच थांबतं. मग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तोडा निम्म्यावर आणि महिना संपायच्या आत प्लॉट खलास. जे झाड पाच-सहा महिने माल द्यायला पाहिजे ते अडीच महिन्यांत मोकळं. माझ्याकडं हे सलग तीन वर्षं झालं, म्हणून आता जे समजलंय ते सगळं लिहून काढतेय.

मी नाशिकजवळच्या गिरणारे भागात असते, १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, आधी त्यात सिमला मिरची होती. द्राक्षबाग आमचे हे आणि सासरे बघतात, पॉलिहाऊस माझ्याकडं. जमीन मध्यम काळी, पाणी विहिरीचं, ठिबकवर. झाडं वाढत राहणाऱ्या जातीची, म्हणजे तारेवर सुतळीने चढवतात ती. बुटक्या, मर्यादित वाढीच्या जातीचा प्लॉट लवकर संपणं हा बिघाड नाही, त्या जातीचा स्वभावच तसा आहे, तर आधी आपलं बियाणं कुठलं आहे ते पाकिटावर नीट वाचा. सीझन लांबवायचा असेल तर सुरुवातच अमर्याद वाढीच्या बियाण्यापासून करायला लागते.

आपल्या नाशिककडं द्राक्षामुळं एक सवय लागलेली आहे, घडाला काही झालं की पहिला प्रश्न हाच की काय मारू. मी पण तेच केलं. पहिल्या वर्षी एनएए (फळ धरवायचं हार्मोन) मारलं, बोरॉन मारलं, सीवीड, अमिनो, दुकानात जे सांगतील ते सगळं. दोन-चार दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. दुसऱ्या वर्षी डोस वाढवला तर पानं आखडली आणि जी फळं धरली ती आतून पोकळ निघाली, कापलं की बी नाही, गर नाही, नुसती जागा. हार्मोनने जबरदस्तीने धरवलेलं फळ असंच होतं, कारण फळाला जाडी आणि वजन बियांमुळं येतं आणि बी परागीभवन झाल्याशिवाय होत नाही.

मला उलगडा झाला तो एका साध्या गोष्टीमुळं. फूल गळतं आज, पण ते बिघडलेलं असतं आठ ते बारा दिवस आधी, कळी बारीक असताना, आत पराग तयार होत असताना. म्हणजे आज गळ दिसली म्हणून आज फवारायचं ह्याला काही अर्थच नाही, त्या फुलाचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. बघायचं ते दहा दिवस मागं. आणि दहा दिवस मागं काय झालं होतं हे माझ्याकडं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मग मी कमाल-किमान दाखवणारं थर्मामीटर आणलं, मधल्या खांबाला शेंड्याच्या उंचीवर सावलीत टांगलं, शेजारी वही टांगली, आणि रोज सकाळी दोन आकडे लिहायला लागले. इतक्या वर्षांत मी केलेला सगळ्यात उपयोगाचा खर्च हाच.

टोमॅटोला सेटिंगसाठी, म्हणजे फुलाचं फळ धरायला, रात्री साधारण १५ ते २० आणि दिवसा २२ ते २९ अंश मानवतं. रात्र १२-१३ च्या खाली गेली की पराग नीट बनत नाही, दिवस ३५ च्या वर आणि रात्र २४ च्या वर गेली तरी तेच. आता आपल्याकडचं बघा. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी दरवर्षी ठरलेली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी बाहेर ३३ असलं तर माझ्या बंद पॉलिहाऊसमध्ये दुपारी ४० दिसायचं. म्हणजे थंडीचा एक मार आणि उन्हाचा एक मार, आणि मधे फुलांना चांगला काळ जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. आणि माझी रोपांची लागण कधी होती? ऑक्टोबरच्या शेवटी. पहिलं फूल नोव्हेंबर संपताना, म्हणजे बरोबर थंडीच्या तोंडात. भरलेले जे चार-पाच घोस दिसायचे ते त्या मधल्या पाच-सहा आठवड्यांचे. रोग नव्हता, खत कमी नव्हतं, बियाणं वाईट नव्हतं, माझी बी टाकायची तारीखच चुकलेली होती. ह्यावर खाली परत येते, कारण सगळ्यात मोठा फरक तिथंच पडला.

आधी झाडाकडं बघा, मग बाटलीकडं

गळ कशी होतेय त्यावरून बरंच कळतं. फूल उघडून बघा, मधे पिवळा सुळका असतो तो परागकोशांचा, आणि स्त्रीकेसराचं टोक त्याच्या आत किंवा बरोबरीला असतं. ते टोक सुळक्याच्या बाहेर लांब आलेलं दिसलं तर उन्हाचा मार समजा, पराग त्याच्यावर पडणारच नाही. फूल फुगलेलं, दोन फुलं एकत्र चिकटल्यासारखं जाड, आणि त्याचं पुढं वेडंवाकडं, सुरकुत्या आणि टाके घातल्यासारखं फळ होत असेल तर ती थंडीची खूण. फूल गळत नाही पण फळ वाटाण्याएवढंच राहतं तेव्हा परागीभवन अर्धवट झालेलं आहे, हवा बरी असूनसुद्धा असं होतं.

मग शेंडा बघा. शेंड्यापासून वीतभर खाली खोड शिसपेन्सिलीपेक्षा थोडं जाड, साधारण १० ते १२ मिलिमीटर असलं पाहिजे. अंगठ्याएवढं जाड झालंय, पानं गर्द हिरवी आणि आत वळलेली, घोसाच्या टोकातून परत पान फुटतंय, तर झाड माजलंय, नत्र आणि पाणी कमी करा. उलट खोड पेन्सिलीपेक्षा बारीक, फूल अगदी शेंड्याला टेकलेलं, पान लहान, तर झाड थकलंय, एकतर खाली फळांचं ओझं फार आहे नाहीतर मुळीला काहीतरी झालंय. मी तीन वर्षं थकलेल्या झाडावर फुलं वाढायची औषधं मारत होते, आणि त्या झाडाला फुलांची कमी नव्हतीच.

अजून एक, दोन-तीन झाडं उपटून मूळ बघा. हे कोणाला आवडत नाही, जीव तुटतो, मला पण तुटला होता. पण दुपारी मान टाकतात आणि सकाळी परत उभी राहतात अशी झाडं असतील तर उपटाच. मुळीवर गाठी दिसल्या, आल्यासारख्या वेड्यावाकड्या, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळीत शिरणारे बारीक जंत, आहेत. पॉलिहाऊसमध्ये मिरची-टोमॅटो-काकडी असं एकामागं एक घेत राहिलं की हे येणारच आणि मग वर तापमान कितीही सांभाळलं तरी प्लॉट मार्च बघत नाही. उभ्या पिकात ह्यावर फार काही करता येत नाही, निंबोळी पेंड आणि पॅसिलोमायसिससारखी मित्रबुरशी देऊन थोडं धरून ठेवता येतं एवढंच. खरा उपाय मे महिन्यात, शेवटी लिहिलाय.

थंडीत

नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे शिकवायला नको, सासरे अजून सांगतात की कडाका पडला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करायचो. पॉलिहाऊसमध्ये धूर करू नका, फुलांना आणि माणसाला दोघांना वाईट. पण त्यातलं तत्त्व तेच, दिवसाची ऊब रात्रीसाठी राखून ठेवायची. मी आधी पडदे संध्याकाळी सहाला, अंधार पडताना पाडायचे, तोपर्यंत आतली सगळी ऊब निघून गेलेली असायची. आता डिसेंबरमध्ये चार-साडेचारला, ऊन अजून आत असताना पाडते. नुसत्या एवढ्याने वहीतला रात्रीचा आकडा दोन-तीन अंशांनी वर आला, बाकी काही केलं नव्हतं.

पण बंद ठेवलं की दमटपणा साचतो, सकाळी पत्र्यावरून गळावं तसं प्लॅस्टिकवरून पाणी टपकतं, आणि मग उशिराचा करपा, फुलांवर राखाडी बुरशी. म्हणून सकाळी ऊन आलं की एका बाजूचा पडदा आधी थोडाच, हातभर उघडायचा, अर्ध्या तासाने पूर्ण. एकदम सगळं उघडलं तर थंड वाऱ्याचा झटका बसतो. आणि औषध मारायचंच असेल तर सकाळी उशिरा, जेणेकरून पडदे पाडायच्या आत पानं वाळतील.

पाण्याचं पण सांगते, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, हात घातला की कळतं, वाफ पण दिसते. पण आपण काय करतो, रात्री लाईट आली की टाकी भरून ठेवतो आणि सकाळी ते गार झालेलं पाणी मुळीला सोडतो. मुळी गार पडली, म्हणजे १४-१५ अंशांच्या खाली, की स्फुरद उचलता येत नाही, पानाची खालची बाजू जांभळी पडते आणि मग आपण १२:६१:० हे स्फुरदाचं खत सोडत बसतो. जमिनीत ते आहेच, मुळीच उचलत नाही. आता डिसेंबर-जानेवारीत मी शक्यतो विहिरीतूनच थेट, सकाळी दहानंतर पाणी देते, एका वेळी थोडं. लाईटचं टाइमटेबल आडवं येतं हे मला माहितेय, ज्या आठवड्यात दिवसाची लाईट नसते तेव्हा टाकीचं पाणी दुपारी बारापर्यंत उन्हात तापू देते आणि मग सोडते.

ऑक्टोबरमध्ये छताचं प्लॅस्टिक धुऊन घ्या. पावसाळ्यात शेवाळ धरतं, नंतर धूळ बसते, आणि थंडीत जो उजेड आधीच कमी तो अजून कमी होतो. आम्ही दोन माणसं लावून एका दिवसात धुतो, फक्त पाणी आणि मऊ झाडू.

उन्हाळा लागताना

फेब्रुवारीच्या मध्यापासून खरी परीक्षा. आपल्याकडं बरेच जण शेडनेट एकदा ओढलं की संध्याकाळपर्यंत तसंच ठेवतात, काही जण तर थेट मेपर्यंत. टोमॅटोला उजेड भरपूर लागतो, दिवसभर सावली केली की खोड बारीक, घोस लहान, आणि परत फुलगळ, म्हणजे उन्हाने गळायची ती सावलीने गळते. मी आतलं ३५ टक्क्यांचं नेट फक्त साडेअकरा ते साडेतीन ओढते. रोजचं काम आहे, कंटाळा येतो, पण ह्याला दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही. वरची हवा जायची जागा पूर्ण उघडी पाहिजे, गरम हवा वर जाते, बाजूचे पडदे कितीही उघडले तरी वर बंद असेल तर शेंड्याजवळ भट्टीच राहते, आणि फुलं तर शेंड्यालाच असतात ना.

फॉगर (बारीक धुकं सोडणारे फवारे) असतील तर ३०-४० सेकंद, थांबून परत, आणि दुपारी तीननंतर बंद. फॉगर नसतील तर बेडच्या मधल्या पायवाटेवर दुपारी पाणी मारलं तरी फरक पडतो. हवेतला दमटपणा ६० ते ७० टक्के बरा. ८५ च्या वर गेला की पराग चिकटून गोळा होतो, सुटतच नाही, आणि मार्चच्या कोरड्या हवेत ५० च्या खाली गेला की पराग सुटतो पण टोकावर चिकटत नाही.

हवा बरी असून सेटिंग होत नाही तेव्हा

टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं परागीभवन करतं हे खरं, पण पराग त्या पिवळ्या सुळक्याच्या आत असतो आणि तो हलल्याशिवाय बाहेर पडत नाही. उघड्या शेतात वारा हलवतो, भुंगे येऊन फुलाला लटकून गुणगुणतात, त्या थरथरीने पराग पडतो. आपल्या पॉलिहाऊसला ४० मेशची जाळी, वारा नाही, भुंगा नाही. काही जण मधमाशीच्या पेट्या ठेवायचा विचार करतात, पण नेहमीची मधमाशी टोमॅटोच्या फुलावर रमत नाही, त्यात मध नसतो आणि तिला तशी थरथर करता येत नाही. परदेशातल्या ग्रीनहाऊसमध्ये बंबलबी, म्हणजे भुंग्यासारखी मोठी माशी, वापरतात, आपल्याकडं ती सोय नाही.

मग हलवायचं आपणच. सकाळी साडेदहा ते एकच्या मधे, फुलं कोरडी झाली की, वरच्या तारेला बांबूने हलके ठोके द्यायचे, एका ओळीला चार-पाच ठिकाणी. एक दिवसाआड. फूल दोन-तीन दिवसच कामाचं असतं, आठवड्यातून एकदा केलं तर निम्मी फुलं सुटून जातात. बागेचा पाठीवरचा ब्लोअर टाकी रिकामी ठेवून, लांबून, घोसाच्या दिशेने फिरवला तरी चालतं, मोठ्या प्लॉटला तेच सोपं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चार ओळी ठोकल्या आणि चार मुद्दाम सोडल्या, पंधरा दिवसांनी सोडलेल्या ओळीत वाटाण्याएवढी फळं आणि ठोकलेल्या ओळीत लिंबाएवढी. आमच्या ह्यांना बोलावून दाखवलं, तेव्हापासून तार ठोकायचं काम ते स्वतःहून करतात.

खत आणि ओझं

ह्यात फार लांबण लावत नाही. पहिलं फूल येईपर्यंत नत्र आणि पालाश बरोबरीने, फळं लागली की पालाश नत्राच्या जवळजवळ दुप्पट. १३:०:४५ आणि ०:०:५० ही पालाशची खतं त्यासाठीच. कॅल्शियम नायट्रेट मात्र वेगळ्या दिवशी सोडा, स्फुरद किंवा सल्फेटवाल्या खताबरोबर एका टाकीत कालवलं की खाली साका बसतो, ड्रीपर जाम होतात, आणि झाडाला दोन्ही मिळत नाही. फळाच्या बुडाला काळा डाग पडतो तो कॅल्शियम कमी पडल्याचा, पण बहुतेक वेळा जमिनीत कॅल्शियम असतं आणि पाणी कमी-जास्त झाल्यामुळं ते फळापर्यंत पोचत नाही, म्हणून आधी पाणी एकसारखं करा. आपल्या विहिरींचं पाणी जड, माझ्या विहिरीचा सामू ७.८ आहे, तर वर्षातून दोनदा ठिबकला ॲसिड ट्रीटमेंट करतेच.

ओझ्याचं महत्त्वाचं. पहिल्या दोन घोसांवर चारच फळं ठेवा, बाकी वाटाण्याएवढी असतानाच खुडा. हे करताना हात थरथरतो, पहिला माल लवकर यावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण खाली सात-आठ फळं ठेवली की झाड सगळं अन्न तिकडं ओढतं आणि सहावा-सातवा घोस उपाशी राहतो. माझा वरचा रिकामा घोस बऱ्याचदा खालच्या भरलेल्या घोसाचाच परिणाम होता.

फळ पिवळं पडतंय म्हणून घाबरण्याआधी

मार्चमध्ये फळाचा खांदा पिवळा-नारिंगी राहतो आणि लोक लगेच व्हायरस म्हणतात. २०२० च्या उन्हाळ्यात नगर, पुणे, नाशिककडं तिरंगा म्हणून टोमॅटोवर व्हायरसचा जो प्रकार झाला त्याची भीती अजून मनात आहे, ते बरोबरच आहे. पण तापमान ३०-३२ च्या वर सारखं राहिलं की फळात लाल रंग तयारच होत नाही, पिवळा तेवढा राहतो. सगळ्या झाडांवर, उन्हाच्या बाजूच्या फळांना एकसारखं असेल आणि शेंडे निरोगी असतील तर ते ऊन आहे. ठरावीक झाडांवरच, शेंडा आखडलेला, पानं वाटीसारखी वळलेली किंवा दोरीसारखी बारीक, फळावर गोल-गोल पट्टे, तर व्हायरस, ते झाड पिशवीत घालून बाहेर न्या आणि जाळा. पांढरी माशी, मावा आणि फुलकिडे ह्यांच्यासाठी पिवळे-निळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून पाहिजेत, आणि पॉलिहाऊसला एकामागं एक दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे मजुरांना परत परत सांगायला लागतं.

त्यामुळं मार्चपासून मी फळ लाल व्हायची वाट बघत नाही. बुडाला रंग फुटला की तोडते आणि घरातल्या गार खोलीत जाळीत ठेवते, २०-२५ अंशांना तीन-चार दिवसांत सुंदर लाल होतं. फ्रीजमध्ये किंवा कोल्ड स्टोअरेजच्या गारव्यात कच्चं फळ ठेवलं तर रंग आणि चव दोन्ही जातं. लवकर तोडल्याने झाडाचं ओझं उतरतं आणि वरच्या घोसाला बळ मिळतं हा दुसरा फायदा. पिंपळगावच्या बाजाराला जाणाऱ्या २० किलोच्या क्रेटला तसाही कडक मालच लागतो.

बियाणं कधी आणि कसं

आता तारीख. ऑक्टोबरची लागण सोडून मी बी टाकायला लागले ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. लागण सप्टेंबरच्या सुरुवातीला, पहिलं फूल सप्टेंबर संपताना, आणि थंडीचा कडाका यायच्या आत आठ घोस धरून झालेले असतात. फळ पोसायला आणि पिकायला थंडी चालते, थोडा उशीर होतो एवढंच, धरायलाच तेवढी चालत नाही. पहिला तोडा नोव्हेंबरच्या मध्याला. जानेवारीच्या शेवटी रात्री उबदार झाल्या की परत सेटिंग जोरात, आणि ती फळं मार्च-एप्रिलला. डिसेंबर-जानेवारीत धरलेले दोन-तीन घोस अजूनही कमजोरच निघतात, ते मी धरून चालते.

रोपं मी घरीच करते, कारण विकतच्या रोपाबरोबर पांढरी माशी आणि तिच्यातून पर्णगुच्छ (पानं आखडणारा व्हायरस) पॉलिहाऊसमध्ये यायचा अनुभव आलाय. ९८ कप्प्यांचा ट्रे, धुतलेलं कोकोपीट, त्यात ट्रायकोडर्मा. बी अर्धा सेंटीमीटर खोल, त्याहून जास्त नाही. ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकने झाकायचे आणि तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचं, पहिले पाच-सहा कोंब दिसले की लगेच सगळे ट्रे पसरायचे. एक दिवस उशीर झाला की रोपं अंधारात लांबडी होतात. तरी झालीच लांबडी तर फेकू नका, लावताना खोड खोल पुरा, टोमॅटोच्या खोडाला मुळ्या फुटतात. ऑगस्टची हवा ढगाळ, तेव्हा ट्रेला पाणी फक्त सकाळी, संध्याकाळी ओलं राहिलं की रोपं बुडात मऊ पडून कोलमडतात. २५ ते २८ दिवसांत लावायचं, ट्रेमध्येच कळी दिसायला लागली तर रोप म्हातारं झालं, ते पुढं नीट वाढत नाही.

हायब्रिडचं बी फळातून काढून परत वापरू नका, पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात. पण बगलफुटीचं, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणाऱ्या फांदीचं, रोप होतं आणि ते अगदी त्याच जातीचं होतं. निरोगी झाडाची १२-१५ सेंटीमीटरची बगलफूट काढून, कळी असेल तर खुडून, ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत ठेवली की दहा-बारा दिवसांत मुळ्या. तूट भरायला मी ऑक्टोबरमध्ये हेच वापरते, बियाणं महाग आहे आणि ही रोपं बियाच्या रोपापेक्षा लवकर फुलावर येतात. फक्त झाड निरोगी पाहिजे, व्हायरस फुटीबरोबर जसाच्या तसा येतो. आणि तंबाखू मळून त्याच हाताने फुटी काढू देऊ नका, आधी साबणाने हात.

वेल उतरवणं आणि शेंडा मारणं

तारेपर्यंत शेंडा पोचला की बरेच जण तिथं कापतात किंवा तारेवरून खाली सोडून देतात. सुतळी वर जास्तीची गुंडाळून ठेवली असेल तर वेल दर दहा-बारा दिवसांनी हात-दीड हात खाली उतरवता येतो, खालचं पानं काढलेलं खोड बेडवर आडवं. दुपारी उतरवा, सकाळी खोड पाण्याने भरलेलं असतं आणि कट्कन मोडतं. तोडलेल्या घोसाखालची पानं काढायची, पण एका वेळी दोन-तीनच, आणि झाडावर पंधरा-सोळा चांगली पानं राहिली पाहिजेत. उन्हाळ्यात दोन-तीन जास्तच ठेवा, नाहीतर फळांना ऊन लागून पांढरे चट्टे पडतात.

शेंडा मारायची तारीख उलटी मोजायची. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत ४५ ते ६० दिवस. मला पॉलिहाऊस एप्रिलच्या शेवटी मोकळं करायचं असतं म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेंडे मारते, शेवटच्या घोसावर दोन पानं ठेवून. त्यानंतर येणाऱ्या फुलांचं फळ माझ्या हाताला लागणारच नसतं, मग झाडाने त्यावर ताकद का घालवायची.

एप्रिलच्या शेवटी झाडं मुळासकट काढून बाहेर, बांधावर नाही, लांब. मग बेड भिजवून त्यावर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक घट्ट अंथरायचं, कडा मातीने दाबायच्या, पडदे सगळे बंद, आणि मे महिनाभर ते पॉलिहाऊस तसंच तापू द्यायचं, चार ते सहा आठवडे. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी ह्याने बरीच कमी होते, खूप खोल गेलेली राहते म्हणून मी जूनमध्ये झेंडू दाट लावते आणि जुलैत फुलं येताना तो तिथंच गाडते, वर निंबोळी पेंड. ह्या वर्षी त्यातल्या दोन बेडवर सूत्रकृमीला तोंड देणारी टोमॅटोची जात लावून बघणार आहे, जमीन २८ अंशांच्या वर तापली की तो गुण कमी पडतो असं आहे, म्हणून सप्टेंबरमध्ये त्या बेडवर मल्चिंग पेपर चंदेरी बाजू वर करून अंथरीन. ट्रे धुऊन ठेवलेत, कोकोपीटच्या विटा आल्यात, वहीची नवी पानं आखून खांबाला टांगलीयत.